पुलावर आज बर्फ नाही

तिसगाव, ता. पाथर्डी
रविवार दुपार, दुकान बंद करून

प्रिय महेंद्रदादा,

सविनय जय भीम.

"आज तिसगावात काही घडलं न्हाई, ही बी बातमीच हाय, फक्त ती छापत न्हाईत." अण्णांचं हे वाक्य तुला आठवतं का? मी फ्रॉकात होते आणि तू हाफ पँटीत. स्टँडवर नगरची एसटी लागली होती (आता अहिल्यानगर, एसटीच्या पाटीवर नवीन नाव आहे, कंडक्टरच्या तोंडात जुनंच). अण्णांचं नगरच्या पेपरला जायचं बातम्यांचं पाकीट घ्यायला कंडक्टरने खिडकीतून हात बाहेर काढला होता आणि त्या दिवशी पाकिटात घालायला अण्णांकडे काहीच नव्हतं. ना भांडण, ना चोरी, ना सप्ताह. तेव्हा त्यांनी कंडक्टरला हे सांगितलं आणि नुसताच नमस्कार करून गाडी सोडली. परवा पहाटे जीपवाल्याने टाकलेले पेपरचे गठ्ठे सोडताना ते वाक्य एकदम आठवलं आणि वाटलं, दादाला पत्र लिहावं. फोनवर तू "बोल पटकन" म्हणतोस. पत्राला तसं म्हणता येत नाही.

तुझी पाठ कशी आहे? दीपावहिनींचा गुडघा? दिशा कॉलेजात नीट जेवते का? इकडे आम्ही दोघी ठीक आहोत. आईची शुगर गोळीवर आहे. डॉक्टरांनी साखर बंद केली आहे, पण गुळाविषयी ते काही बोलले नाहीत असं आईचं म्हणणं आहे, आणि मी पुन्हा जाऊन विचारावं अशी तिची इच्छा नाही. माझं दुकान चालतं. झेरॉक्स बरं चालतं, पेपर कमी चालतात. अण्णा कालकथित झाले तेव्हा एजन्सीचे जेवढे पेपर उतरायचे, त्याच्या निम्मेही आता उतरत नाहीत. जे घेतात तेही आपला किंवा आपल्या माणसाचा फोटो आलाय का एवढंच बघून घडी घालतात. जाहिराती मात्र अजून येतात, वाढदिवसाच्या आणि पुण्यस्मरणाच्या. मजकूर मीच लिहून देते. इतकी वर्षं लिहिते आहे की मजकूर लिहिताना माणूस जिवंत आहे की नाही हे फोटोवरूनच कळतं. हसरा चेहरा, मनगटावर घड्याळ, जमलं तर गॉगल, म्हणजे वाढदिवस. गंभीर चेहरा आणि फोटोला हार, म्हणजे पुण्यस्मरण. यात आजवर माझी कधी चूक झालेली नाही. (पाथर्डी तालुक्यात झालेली नाही, असं म्हणू.)

पत्राचं कारण शेवटी येईल. आधी मला तुमच्या गावाबद्दल लिहू दे, कारण तिकडे अमेरिकेत काढलेले ते सहा महिने मला हल्ली फार आठवतात.

ज्या हिवाळ्यात मिल स्ट्रीटच्या पुलावर बर्फावरून तुझी गाडी घसरून कठड्याला लागली, ती बातमी आम्हाला बऱ्याच दिवसांनी कळली, तीही वहिनींनी लोणच्याची कृती विचारता विचारता सहज सांगितली म्हणून. (लिंबाच्या आठ फोडी करायच्या की चार, यावर बोलणं चाललं होतं.) आई फोन ठेवून ओट्याशी बसली आणि म्हणाली, "मानूस पुलावरनं खाली जाता जाता ऱ्हायला आन आपुन हितं सक्रांतीचं तीळ निवडीत हुतो." मग पुढच्या हिवाळ्यात तू आम्हा दोघींना तिकडे बोलावून घेतलंस. तू म्हणालास, या, गाव बघा. मला वाटतं आई गाव बघायला आलीच नव्हती, तिला फक्त तो पूल बघायचा होता. पहिल्याच दिवशी तू तिला गाडीतून त्या पुलावरून नेलंस. ती कठड्याकडे बघत राहिली आणि पलीकडे पोचल्यावर म्हणाली, "लई काय मोठा न्हाई." त्यानंतर ती तुमच्या घरात रमली.

तुमचं गाव मला आवडलं, कारण ते नगरएवढंच आहे. अमेरिका म्हटल्यावर आम्ही जे धरून चाललो होतो तसलं काही तिथे नव्हतं. एक नदी, एक बंद पडलेली गिरणी, एक पेपर, एक रेडिओ स्टेशन आणि टीव्हीचं एक चॅनेल. पेपर पहाटे गाडीतून पिशवीत घालून अंगणात भिरकावत. आईने पहिल्या दिवशी ते खिडकीतून पाहिलं आणि बिचाऱ्याचं काहीतरी पडलं म्हणून पिशवी हातात घेऊन गाडीमागे हात करत गेली. तो थांबला नाही. मग तिने ती घरात आणली आणि तेव्हापासून तुमच्या घरात तो पेपर वाचणारी ती एकटीच होती. वाचणारी म्हणजे फोटो बघणारी. मी धंद्यातली असल्यामुळे पहिल्याच दिवशी वजन करून पाहिलं (हातानेच). आपल्या पेपरची लग्नसराईतली पुरवणी त्याच्यापेक्षा जड असते. वहिनींनी सांगितलं की पेपरचं ऑफिस विकून तिथे हॉटेल झालंय आणि पेपर दुसऱ्या राज्यात छापून ट्रकने येतो, म्हणून रात्रीच्या सामन्याचा निकाल परवाच्या पेपरात येतो. मला अण्णा आठवले. तिसगावची बातमी एसटीच्या कंडक्टरच्या हाताने संध्याकाळी नगरला पोचायची आणि सकाळी छापून परत गावात यायची. तुमच्या गावची बातमी तुमच्याच पेपरात यायला त्याहून जास्त वेळ घेते, हे ऐकून त्यांना वाईट वाटलं असतं. थोडं बरंही वाटलं असतं.

टीव्हीवर त्या आठवड्यात एकच बातमी होती, बर्फ पडणार. मग पडतंय. मग पडलं. एक बातमीदार मुलगी दिवसभर रस्त्याच्या कडेला उभी राहून बर्फात मोजपट्टी खुपसायची आणि किती ते दाखवायची. ती उभी होती ती जागा तुमच्या घराजवळच्या चौकातली आहे हे आईने ओळखलं आणि चहाचा थर्मास देऊन मला पिटाळलं. मी शाल, तुझा कोट आणि अण्णांची माकडटोपी अशा वेशात तिथे पोचले तेव्हा ती कॅमेऱ्यापुढे बोलत होती. मला वाटलं, संपेपर्यंत जरा बाजूला थांबावं. ती बाजू नेमकी चित्रात येत होती. आईने मला टीव्हीवर पाहिलं आणि ताबडतोब तिसगावला फोन लावून शेजारच्या साळूबाईला झोपेतून उठवलं. साळूबाई म्हणाली, काय केलं पोरीनं, कशात सापडली? आपल्याकडे शेजारीण टीव्हीवर दिसली की आधी तीच शंका येते. थर्मास त्या मुलीने घेतला. परत करायला आली तेव्हा आईने तिच्या हातावर तिळगूळ ठेवला.

आता वाढदिवस. तुला यातलं शेवटचंच दृश्य माहीत आहे, कारण तू आणि वहिनी केक आणायला गेला होतात. आधीचं सगळं मी तुला सलग कधी सांगितलंच नाही. प्रत्येक वेळी वहिनी मध्येच हसायला लागायच्या.

आईला पंचाहत्तर पूर्ण होत होती. तुमच्या पेपरात मधल्या पानावर रोज म्हाताऱ्या माणसांचे फोटो असत. सगळे हसरे. कुणी मासा धरलेला, कुणी कुत्र्याला मांडीवर घेतलेलं, एक बाई तर खरोखरच गॉगल लावून ट्रॅक्टरवर बसलेली. शेजारी जन्मतारीख, जन्मगाव, नवऱ्याचं नाव, मुलं, नातवंडं. आई रोज ते पान उलगडायची आणि म्हणायची, आज सहा जणांचा हाय, आज चौघांचा. एके दिवशी म्हणाली, "इतक्या जनांचं टाकतेत, माजं बी टाक की. एजन्सीवाल्याची बायको हाय मी." मी इंग्रजी वाचू शकते हे खरं, पण मजकूर लांबलचक होता, आणि वाढदिवसाच्या जाहिरातीतला मजकूर वाचतं कोण? मी स्वतः लिहिते आणि मीसुद्धा वाचत नाही. वहिनींच्या कॉम्प्युटरवर मी त्या पानाची जागा शोधली आणि आईचा वेरूळच्या सहलीतला हसरा फोटो घातला. खाली जन्म तिसगाव, पती कालकथित रंभाजी, मुलगा, सून, मुलगी, नात आणि समस्त परिवार. मग त्यांच्याकडून विचारणा आली की कार्यक्रम कुठे आणि केव्हा आहे. मी तुझा पत्ता दिला, रविवार दुपारी चार, आणि जेवण आहे असंही कळवलं. व्यवस्था कोण बघतंय, असंही विचारलं होतं. मी अभिमानाने लिहिलं, सगळी व्यवस्था माझे मोठे बंधू बघत आहेत.

रविवारी तुम्ही केक आणायला बाहेर पडलात आणि लोक यायला लागले. समोरच्या बेटीबाई, कोपऱ्यावरचं जोडपं, वहिनींच्या लायब्ररीतल्या तिघी, आणि ज्यांना आपण कधी पाहिलंही नव्हतं असे चार-दोन जण. सगळे गडद कपड्यांत. प्रत्येकाच्या हातात काचेच्या भांड्यात झाकलेलं काहीतरी. मी म्हटलं, काय रीतीची माणसं आहेत, आपण जेवण ठेवलंय तरी रिकाम्या हाताने येत नाहीत. दारात प्रत्येक जण मला "सॉरी" म्हणे आणि मी प्रत्येकाला "नो प्रॉब्लेम, नो प्रॉब्लेम" म्हणे. आई नवी पैठणी नेसून खुर्चीत बसली होती. लोक तिच्यापुढे वाकायचे, तिचा हात दोन्ही हातांत धरायचे, हळू आवाजात बोलायचे. त्यांना ती वारलेल्या बाईची बहीण वाटली होती. एकीच्या डोळ्यांत पाणी आलं तर आईने पदराने तिचे डोळे पुसले आणि मला म्हणाली, "लई हळवी हायेत गं. आपल्याकडं येवढं कुनाला वाटतंय वाढदिवसाचं?"

मग बेटीबाईंनी पर्समधून पेपरचं कात्रण काढलं. फोटोकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, पुन्हा फोटोकडे पाहिलं आणि त्या सोफ्यावर बसल्या. आणि त्याच वेळी दार ढकलून तू मेणबत्त्या पेटवलेला केक धरून, मोठ्याने गाणं म्हणत आत आलास.

तुझा तो चेहरा मी जन्मात विसरणार नाही. माझाही तसाच झाला असावा, पण मला तो दिसला नाही.

ते पान निधनवार्तांचं होतं हे आईला समजावून सांगितल्यावर ती रागावेल किंवा घाबरेल असं आपल्याला वाटलं होतं. ती म्हणाली, "मग बरंच झालं की. मेल्यावर कोन येतंय न् कोन न्हाई ते जित्तेपनीच कळालं. म्हयेंद्रा, तुज्या हापिसातलं कुनीच न्हाई आलं रं." वहिनींनी त्याचं इंग्रजी करून सांगितलं तेव्हा बेटीबाई इतक्या हसल्या की त्यांना पाणी द्यावं लागलं. आणि नंतर सगळ्यांनी, त्याच गडद कपड्यांत, टाळ्या वाजवून गाणं म्हटलं. काचेच्या भांड्यांतलं ते चीज घातलेलं बटाट्याचं आपण पुढे कितीतरी दिवस खात होतो.

पेपरने दुरुस्ती छापली. दोन ओळी, त्याच पानावर, मालनबाई यांचे निधन झालेले नाही. मी ती वाचली आणि मला रडू आलं. काही घडलं नाही, ही बातमी शेवटी छापून आली होती. फक्त अण्णा नव्हते.

ती दुरुस्ती सकाळी रेडिओवर रॉनने वाचली. म्हणजे तुमच्या गावचा तो सकाळचा निवेदक, ज्याचं बोलणं तू दाढी करताना आणि गाडीत ऐकायचास. आधी थंडी किती ते सांगायचा, मग मिल स्ट्रीटच्या पुलाची हालत, मग आज कुठल्या शाळा बंद, मग कुणाचं कुत्रं हरवलंय. त्याने जिवंत असलेल्या बाईला शुभेच्छा दिल्या, आणि आईने हट्टाने वहिनींना फोन लावायला लावला. "जय भीम, रॉनभाऊ. मी जित्ती हाय," एवढंच ती बोलली. तो बराच वेळ काहीतरी म्हणाला. काय म्हणाला ते तिने कधी विचारलं नाही. आपल्याशी बोलला, तेवढं तिला पुरलं.

परत आल्यावर मी तिच्या मोबाईलवर ते स्टेशन लावून दिलं. तुमच्याकडे तू ऑफिसला निघायची वेळ, ती आमच्याकडे संध्याकाळी डेअरीत दूध घालायची वेळ. आई ओट्यावर बसायची, आवाज मोठा यावा म्हणून मोबाईल तांब्यात उभा करायची आणि ऐकायची. शब्द कळायचे नाहीत, पण रॉन मिल स्ट्रीट संथपणे म्हणाला तर पुलावर सगळं ठीक, भरभर म्हणाला तर काहीतरी झालंय, हे ती ओळखायची आणि ते खरं असायचं (मी ताडून पाहिलंय). हळूहळू दूध घालायला येणाऱ्यांनाही सवय लागली. डेअरीचे आप्पासाहेब मोटारसायकल थांबवून विचारायचे, "मालनबाई, पुलावर काय आज?" आई म्हणायची, बर्फ न्हाई. मग ते पुढे जायचे. बर्फ असला की साळूबाई म्हणायची, "म्हयेंद्राला म्हनावं, सावकाश जाय. हापिस काय पळून जात न्हाई." अर्ध्या गल्लीला तुझ्या गाडीची काळजी होती, दादा, आणि तुला त्याचा पत्ताही नव्हता.

गेला अख्खा हिवाळा असा गेला. यंदा दिवाळीनंतर एका संध्याकाळी तांब्यातून रॉनचा आवाज आला नाही. दुसराच कोणी बोलत होता, चांगला होता, गाणीही चांगली लावली. पण थंडी नाही, शाळा नाही, पूल नाही. आईला वाटलं, रॉनभाऊ आजारी असेल. तूच नंतर सांगितलंस की स्टेशन विकलं, आता एक माणूस कुठेतरी लांब बसून बऱ्याच गावांसाठी एकदाच बोलतो. त्याला तुमचा पूल कुठे आहे हे माहीत असायचं कारण नाही. आईने त्या दिवशी फोनवर तुला म्हटलं, मग तूच पोचल्यावर कळवत जा. तू म्हणालास, "आई, मी काय शाळेत जातो का, रोज पोचलो म्हणून सांगायला?" तू हसून म्हणालास, हे मला माहीत आहे. तीही हसली. नंतर तिने तांब्या धुऊन मांडणीवर पालथा घातला.

गावाने हे मनावर घेतलं आहे. आप्पासाहेबांचं म्हणणं पडलं की अशी गोष्ट सहन करता कामा नये. त्यांच्या सांगण्यावरून मी रीतसर निवेदन तयार केलं आहे: तिसगाव व परिसरातील श्रोत्यांच्या भावना तीव्र असून श्री. रॉन यांना पूर्ववत कामावर घ्यावे, अन्यथा लोकशाही मार्गाने आंदोलन छेडण्यात येईल. बऱ्याच सह्या झाल्या आहेत, साळूबाईने अंगठा दिला आहे. आप्पासाहेबांना रास्ता रोकोही घालायचा होता. कुठल्या रस्त्यावर, असं मी विचारलं तेव्हा ते म्हणाले, ते नंतर ठरवू. तू तिथला रहिवासी आहेस, तेव्हा हे निवेदन त्या स्टेशनच्या ऑफिसात नेऊन द्यावंस आणि पोच घ्यावी, अशी सर्वांची विनंती आहे.

वहिनींना जय भीम, दिशाला पापा. बेटीबाईंना आईचा निरोप सांग की ती अजून आहे.

तुझी,
भारती

ता. क. (हे आठवड्याने लिहिते आहे.) निवेदन द्यायची गरज नाही. पत्र पाकिटात घालायच्या आधी आईला वाचून दाखवलं तर ती म्हणाली, कशाला त्या भानगडी? तिने स्वतःच बटणं दाबून अमेरिकेतलं दुसऱ्याच कुठल्यातरी गावचं स्टेशन शोधलंय. तिथे एक बाई सकाळच्या रस्त्यांची हालत सांगते. आई आठवडाभर तेच ऐकते आहे, तांब्या पुन्हा खाली आला आहे, आणि आप्पासाहेबांना ती रोज कुठल्यातरी अनोळखी गावच्या पुलाची खबर देते. ते ती ऐकून पुढे जातात. ती म्हणते, "त्या पुलावरनं बी कुनाचं तरी लेकरू जातच आसंल की." रात्री शांत झोपते. आईची काळजी करू नकोस.

आणखी एक ता. क. झोप माझी गेली आहे, दादा. दुधाच्या वेळेला आई ओट्यावर तिचं स्टेशन लावून बसते आणि मी दुकानाचं शटर अर्धं ओढून त्या जुन्या स्टेशनवरची गाणी ऐकत राहते. वाटतं, तो लांबचा माणूस एकदा तरी मिल स्ट्रीट म्हणेल. तू पूल ओलांडून ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडी लावलीस की उतरायच्या आधी मोबाईल तोंडाशी धरून थंडी किती आहे आणि पुलावर बर्फ आहे की नाही, एवढं बोलून मला पाठवत जा. कशी आहेस वगैरे विचारू नकोस, तेवढा वेळ तुझ्याकडे नसतो. शाळा बंद असतील तर त्याही सांग. तू नाहीच म्हणशील. आवाज पाठवायला तुला आवडत नाही आणि हे असलं रोज रोज करणं तुझ्या स्वभावात नाही, हे मला लहानपणापासून माहीत आहे. तरी विचारते आहे. हिवाळा संपेपर्यंत तरी.